रोटाच्या खळग्यातलं मीठ

"मीठ ताटलीत ठेवायचं नाही. रोटाच्या मधोमध अंगठ्यानं खळगा करायचा आणि मीठ त्यात भरायचं. पाहुण्यानं तुकडा मोडून त्या मिठात बुडवला, की मग त्याला दुपारी उपाशी ठेवलंस तरी चालेल, पण दिवस मावळेपर्यंत त्याच्याशी खोटं बोलायचं नाही."

हे सासूबाईंनी मला सांगितलं तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत पिठात होते आणि मी या घरात येऊन चार दिवस झाले होते. त्या, म्हणजे क्रुनियाबाई, जाऊन आता अकरा वर्षं झाली. अजून कणकेत हात घातला की आधी त्यांचा आवाज येतो, मग पिठाचा वास.

त्या सोमवारी मात्र मी कणकेत नव्हते, चिखलात होते. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. पिकलेली रासबेरी अशा पावसात एक दिवस थांबत नाही. सकाळी लाल दिसलेलं फळ दुपारी बोटात घेतलं की त्याचं पाणी होतं, आणि बुडाशी राखाडी लव धरलेली असते. खुडायला माणसं नव्हती. गावातल्या तरण्या बायका स्लोव्हेनियात आणि ऑस्ट्रियात म्हातारी माणसं सांभाळत होत्या. आमच्या सहा ओळींत आम्ही तिघंच होतो. मी, माझा नवरा ग्वोझ्देन आणि आमची नेवेना. ग्वोझ्देनची कंबर गेल्या वर्षी धरली ती सुटलीच नाही. तो गुडघ्यांवर चालत खालची फळं खुडायचा आणि म्हणायचा, "वरचं तुम्ही घ्या, जमिनीलगतचं सगळं माझं. अशी वाटणी माझ्या भावानंसुद्धा केली नाही."

संत पेत्राचा उपास चालू होता. दूध नाही, अंडं नाही, मटण नाही. बुधवार-शुक्रवारी तेलही नाही. उकडलेले घेवडे आणि कांदा बांधावर ठेवून आम्ही जेवत होतो, तेव्हा नेवेनाच्या महाविद्यालयाचे संचालक आले.

त्यांना गावात सगळे डॉक्टर म्हणायचे. कशाचे डॉक्टर, ते कुणी विचारलं नव्हतं. गुरांचे नव्हेत एवढं कळलं होतं, कारण एकदा रस्त्यात गाय अडलेली बघून त्यांनी गाडी मागच्या मागं वळवली होती. सहकारी संस्थेच्या जुन्या इमारतीत खाली कोल्ड स्टोरेज, आणि वर त्यांचं परिचारिका महाविद्यालय. कॉम्प्रेसर सुरू झाला की वरच्या वर्गातली बाकं थरथरायची. ग्वोझ्देन म्हणायचा, आपली पोरगी खाली बर्फ आणि वर शास्त्र अशी शिकतेय. मी तिथं सकाळी झाडलोट करायचे. किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडं असायचा.

डॉक्टर पातळ बुटांनी बांधाच्या कडेलाच उभे राहिले.

"स्तामेनाबाई, बुधवारी बेलग्रेडहून तपासणी समिती येतेय. मान्यता चालू ठेवायची की नाही ते ठरवणार. तुमच्या हातचा रोट हवा. दारात रोट-मीठ घेऊन उभ्या राहा, आपल्या खेड्याची रीत म्हणून."

"बुधवारी मी पाण्यातलाच करीन, डॉक्टर."

"पाण्यातला करा, वाऱ्यातला करा. आणि पांढरा कोट घाला."

"मी?"

"सराव-खोलीची साहाय्यक म्हणून. किल्ल्या तुमच्याकडंच असतात ना? मग त्यात खोटं ते काय?"

ग्वोझ्देन घेवड्याच्या भांड्याकडं बघत म्हणाला, "माझ्याकडं फावडं आहे, डॉक्टर. मला काय करता? सर्जन?"

डॉक्टर हसले. मग नेवेनाकडं वळून म्हणाले, "तीन आठवड्यांनी तुझी पदवी. ऑस्ट्रियात ग्राझच्या वृद्धाश्रमानं जागा धरून ठेवलीय, ठाऊक आहे ना? मान्यता गेली तर पदवीचा कागद लोणचं बांधायला." आणि गेले.

नेवेनाचं तीन वर्षांचं शिक्षण मी झाडू मारता मारता बघितलं होतं. शिकवायला खरं असं एकच माणूस यायचं. कोसाराबाई, चाळीस वर्षं इस्पितळात काढलेल्या. आठवड्यातून दोनदा पलीकडच्या गावाहून चालत यायच्या आणि वहाणा दाराबाहेर काढायच्या. बाकीचे शिक्षक वर्षातून दोनदा मोठ्या गाडीतून यायचे. प्रत्येक विद्यार्थ्याची एक निळी वही असते, परीक्षा झाली की शिक्षकानं तीत गुण लिहून सही करायची. त्या निळ्या वह्या मीच रासबेरीच्या क्रेटमध्ये भरून वर नेऊन द्यायचे. दोन कप कॉफी होईपर्यंत चार क्रेट भरून सह्या व्हायच्या. त्यातल्या निम्म्या वह्यांची माणसं मी कधी जिन्यावर बघितली नव्हती. कुणी नोव्ही साद शहरात, कुणी थेट जर्मनीत. नेवेनाच्या वहीतही अशा लोकांच्या सह्या होत्या ज्यांचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. पण कोसाराबाईंनी दिलेला तिचा गुण दहापैकी नऊ होता, आणि तो नऊ तिनं तीन वर्षं घासून मिळवला होता.

हे मी आमच्या फादरना सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुला कुणी विचारलं तर सांग. न विचारता दवंडी पिटत फिरू नकोस." मला बरं वाटलं. मला कोण विचारणार होतं?

कोसाराबाईंनी हिवाळ्यात अकरा जणांना नापास केलं. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, गुडघे दुखतात ना तुमचे, आता विश्रांती घ्या. त्या जाताना आमच्या घरी आल्या. चहा घेतला नाही. नेवेनाला म्हणाल्या, "मी बहिणीकडं शहरात चालले. मिलुन आता तुझा. पाठ भरून येईपर्यंत सोडायचा नाही."

"नाही सोडणार, बाई."

"हात?"

"आधी धुवायचे, मग ऊब आणायची, मग लावायचे."

"हं," म्हणाल्या, आणि गेल्या.

मिलुन म्हणजे टेकडीवरचा आमचा शेजारी. त्याला अर्धांग होऊन दीड वर्ष झालेलं. त्याची बायको द्रागिन्या एवढीशी, पाखरासारखी. तिच्यानं तो हलेना. म्हणून तिनं आधी ब्रान्काला बोलावलं होतं. ब्रान्का याच महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीची, कागद भिंतीवर काचेत लावलेला. तिनं मिलुनची लाल झालेली पाठ रोज प्लमच्या दारूनं चोळली. चोळायचं नसतं, कूस बदलायची असते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वाईट पोरगी नव्हे ती. मन लावून चोळायची. महिन्याभरात माकडहाडावर मूठ जाईल एवढी जखम झाली, आणि ब्रान्का तोवर ऑस्ट्रियात लिंझला कामाला लागली. मग कोसाराबाई नेवेनाला घेऊन तिथं जाऊ लागल्या.

नेवेना सकाळ-संध्याकाळ जायची. मी एकदा बरोबर गेले होते. तिनं चुलीवर हात धरले, मग एक हात त्याच्या खांद्याखाली आणि एक कुल्ल्याखाली घालून आपलं वजन मागं टाकलं, तसा तो दांडगा माणूस झोपेत वळावा तसा वळला. गुडघ्यांच्या मधे उशी. टाचेखाली घडी घातलेला टॉवेल. जखमेच्या कडा आता गुलाबी दिसत होत्या. मिलुनला दोनच शब्द यायचे, त्यातला एक शिवी होता. तो नेवेनाला दुसरा म्हणायचा.

"काय म्हणतो गं?" मी विचारलं.

"'जा' म्हणतो," द्रागिन्या म्हणाली. "म्हणजे 'ये'. उलटं झालंय त्याचं."

मंगळवारी पाऊस थांबला. आम्ही ओळीत समोरासमोर खुडत होतो, मधे फक्त काटेरी वेली. नेवेनाची बोटं टोकापर्यंत लाल झाली होती.

"आई, उद्या तुला कुणी काही विचारलं तर?"

"झाडूवालीला कोण काय विचारतंय."

"तरी विचारलं तर?"

मी एक सडकं फळ खाली टाकलं. "गप्प राहीन."

"नक्की?"

"गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. राहीन म्हटलं ना, बाळा."

थोड्या वेळानं वेलींमधून हात घालून तिनं माझ्या क्रेटमध्ये आपली ओंजळ रिकामी केली. लहानपणी करायची तसं.

दुपारी आम्ही शाळेतून पुस्तकं आणली. समितीला दाखवायला चारशे पुस्तकं हवी होती. शाळेत दीडशे निघाली, त्यात परीकथाही आल्या. उरलेली संस्थेच्या माळ्यावरून काढली. औषध-फवारणीची, डुकरांच्या रोगांची. शरीरशास्त्र अशी चिठ्ठी लावलेल्या कपाटात मी डुकरं ठेवली. सराव-खोली उघडली तेव्हा कुलूप गंजलेलं होतं, तेल घालावं लागलं. नवा पलंग आदल्याच दिवशी आला होता. त्याच्या गादीवरचं प्लॅस्टिक काढायला सांगितलं होतं, ते मी वरून काढलं. खालचं निघेना.

बुधवारी पहाटे उठून तसबिरीपुढचा दिवा लावला, नेहमीचे बारा दंडवत घातले आणि कणीक भिजवली. पीठ, पाणी, यीस्ट. रोट चांगला फुगला. मधोमध अंगठा रोवला तेव्हा क्रुनियाबाई बोलल्या. मी ऐकून घेतलं आणि मीठ भरलं.

समितीत तिघं होते. दोन पुरुष आणि एक साठीची बाई, जाड पायांची, चपला सैल केलेली. पुरुषांनी कॅमेऱ्यासमोर चिमूटभर तुकडा मोडला आणि मिठाला नुसता टेकवला. बाईंनी मात्र चांगला मोठा तुकडा घेतला, मिठात बुडवला, खाल्ला, आणि दुसरा मोडला.

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, वर कोकरू भाजलंय तुमच्यासाठी."

"पित्ताशय काढलंय माझं," त्या म्हणाल्या. "मला हाच पुरे. तुम्ही केलात, बाई?"

"हो."

"माझी आई असाच करायची."

वर्गांत मुली बसवल्या होत्या. निम्म्या आमच्या, निम्म्या कोल्ड स्टोरेजमध्ये फळं निवडणाऱ्या. त्यांनी बोटांचे डाग लपवायला हात बाकाखाली धरले होते. समितीनं कागद बघितले, खूप कागद होते, सगळे नीट लावलेले. पुरुष माना हलवत होते. मग सगळे सराव-खोलीत आले. मी पांढऱ्या कोटात दारापाशी उभी होते, जुडगा हातात. नेवेना पलंगाच्या उशाशी होती, तिला कूस बदलून दाखवायची होती. झोपायला कोल्ड स्टोरेजमधली एक बाई आणली होती.

नेवेनानं हात चोळून गरम केले आणि त्या बाईला वळवलं. वळवताना गादी कचकचली. खालचं प्लॅस्टिक.

समितीच्या बाईंनी वाकून गादीची कड उचलून बघितली. मग नेवेनाकडं बघितलं. "छान वळवलंस. कुणी शिकवलं?"

"कोसाराबाईंनी."

त्यांनी हातातली यादी चाळली. यादीत ते नाव नव्हतं. त्या माझ्याकडं वळल्या. ओठाच्या कोपऱ्यात मिठाचा एक कण अजून तसाच होता.

"बाई, ही खोली रोज उघडते का?"

खाली कॉम्प्रेसर सुरू झाला. पलंग थरथरला. नेवेना माझ्याकडं बघत होती. ते डोळे मी विसरणार नाही. डॉक्टर माझ्याकडं बघत नव्हते, त्यांना काळजीच नव्हती.

मी गप्प राहिले. कबूल केल्याप्रमाणं मी गप्प राहिले, आणि बाई वाट बघत राहिल्या. माझ्या डोळ्यांपुढं मिलुनची पाठ आली. ती जखम, आणि मन लावून चोळणारी ब्रान्का.

"नाही," मी म्हणाले.

"कधी उघडली?"

"काल. तुम्ही येणार म्हणून."

कुणी ओरडलं नाही. पुरुषांपैकी एकानं चष्मा काढून पुसला. बाईंनी कागदावर काही लिहिलं, लिहिताना त्यांचाही चेहरा उतरला होता. जाताना जिन्यात त्या नेवेनाशी बोलल्या, ते मी ऐकलं. "तुला येतं, मुली. जिल्ह्याच्या परिचारिका शाळेत प्रवेश घे. पण ही तीन वर्षं धरता येणार नाहीत. मी काही करू शकत नाही." आणि माझ्याकडं न बघता, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या.

डॉक्टरांनी जुडगा माझ्या हातातून काढून घेतला. "सासू मेली तुमची, पण तिची जीभ ठेवून गेली," एवढंच म्हणाले. त्यांना हे कुणी सांगितलं होतं, कोण जाणे. गावात सगळ्यांनाच सगळं ठाऊक असतं.

घरी येईपर्यंत नेवेना माझ्या दहा पावलं पुढं चालत होती. फाटकाशी थांबली.

"त्यांनी तुला विचारलं. तू मला विचारलंस का?"

"नेवेना, ती बाई मीठ खाऊन..."

"तुझं मीठ, तुझा उपास, तुझा देव. आणि वर्षं माझी गेली."

ती आवाज चढवत नाही, माझ्यासारखीच आहे. आत जाऊन ती भिंतीकडं तोंड करून झोपली.

ग्वोझ्देननं बूट काढायला पाय पुढं केला, त्याला वाकता येत नव्हतं. मी बूट ओढला. तो म्हणाला, "मी तुला चूक म्हणत नाही. बरोबरही म्हणत नाही. आज म्हणत नाही."

पुढचे तीन दिवस ऊन पडलं. फळ भराभर पिकलं आणि आम्ही दोघंच खुडत होतो. कोल्ड स्टोरेजच्या दारात बायका मी आले की बोलणं थांबवायच्या. त्यांच्यातल्या दोघींच्या मुली नेवेनाच्याच वर्गातल्या. एकीनं माझं क्रेट वजनकाट्यावरून उतरवलं, बोटानं फळं चाळली आणि तळातलं एक मऊ फळ वर काढून सगळ्यांना दाखवलं. "हे बघा हं, खरेपणा. खालून असा असतो." कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

ग्राझहून फोन आला. जागा दुसरीला दिली होती.

नेवेना उठत नव्हती. पाणी प्यायची, परसात जाऊन यायची, पुन्हा भिंत. मी उंबऱ्यात ताट ठेवायचे ते तसंच उचलायचे. दिव्यापुढं दंडवत घालताना मी मोजायला चुकू लागले. बारा झाले की अकरा, कळेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून घालायचे.

शनिवारी सकाळी द्रागिन्या आली. फाटक उघडलं नाही, बाहेरच उभी राहिली.

"तीन दिवस झाले, स्तामेना."

"मी येते. मी वळवते."

"काल तू आली होतीस ना? तुझ्यानं वळला का? आरडला नुसता. तुझे हात गार." तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "पाठ पुन्हा ओली व्हायला लागलीय. तुझ्या खऱ्यानं त्याची पाठ भरणार आहे का? मला नाही कळत शाळेतलं. तो सकाळपासून 'जा, जा' करतोय. कुणाला म्हणतोय, तुला ठाऊक आहे."

ती टेकडी चढून गेली, दर दहा पावलांवर थांबत. खिडकी उघडी होती. आत नेवेना जागी होती की नाही, मला माहीत नाही.

रविवारी चर्चला जायला मी लवकर उठले. रात्री पुन्हा पाऊस झाला होता, हवा गार होती. दिवा लावायला गेले तर स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती. नेवेना चुलीपाशी उभी होती. केस ओले, मागं घट्ट बांधलेले. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिनं साबणानं नखंसुद्धा घासली होती, रासबेरीचा डाग तरी कडांना राहिला होता. दोन्ही हात जाळावर धरून, तळवे एकदा वर, एकदा खाली, असे ती फिरवत होती.

मी दाराच्या चौकटीत उभी राहिले. रोटाचा उरलेला तुकडा टेबलावर फडक्यात होता, तो तिच्याकडं सरकवावासा वाटला. सरकवला नाही.

"बाळा," मी म्हणाले.

तिनं मान वळवली नाही. आतल्या खुंटीवरचा स्वच्छ टॉवेल घेतला, घडी घालून काखेत मारला. माझ्याजवळून जाताना बाजूला सरकली, अंगाला अंग लागू न देता. दार खांद्यानंच ढकललं.

मी खिडकीशी गेले. ती रासबेरीच्या ओळींमधून टेकडी चढत होती. ओल्या वेली अंगाला घासत होत्या, पण वेली बाजूला सारायला तिनं हात बाहेर काढले नाहीत. ऊब जाऊ नये म्हणून दोन्ही हात काखेत घट्ट धरले होते.